जलद्वेषी भिंतींमधले पाणी

आषाढ-श्रावणात डोंबिवलीच्या भाजीबाजारात जुड्या बांधून येणाऱ्या अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोल होऊन घरंगळतो आणि मागे ओल राहत नाही. अशा पृष्ठभागाला रसायनशास्त्र जलद्वेषी म्हणते. हा शब्द फसवा आहे, कारण पान पाण्याला ढकलत नसते. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी, म्हणजे एका रेणूच्या हायड्रोजनला दुसऱ्याच्या ऑक्सिजनविषयी असणाऱ्या ओढीने, एकमेकांना इतके धरून असतात की पानाशी सलगी करण्यात त्यांचा तोटाच होतो.

असे दोन पृष्ठभाग एकमेकांपासून जेमतेम एक नॅनोमीटरवर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागावर, आणले तर फटीत पाणी टिकेल का, हे थेट पाहणे अवघड असल्याने संगणकावरील रेणवीय सिम्युलेशनचा आधार घेतला जातो. हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये द्रवरूप आरगॉनचे ८६४ अणू अशा रीतीने हलवून दाखवले आणि १९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह पाण्याचे २१६ रेणू हाताळले. १९८७ पासून रूढ असलेल्या एका प्रतिमानात पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजनवर -०.८४७६ आणि प्रत्येक हायड्रोजनवर +०.४२३८ इतका भार (इलेक्ट्रॉनचा भार एकक धरून) ठेवतात, सर्व रेणूंमधील बले मोजतात, न्यूटनच्या नियमाने प्रत्येकाला एक-दोन फेम्टोसेकंदांपुरते पुढे सरकवतात आणि हीच आकडेमोड लाखो वेळा करतात. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील निहारेंदू चौधरी यांनी माँटगोमेरी पेटिट यांच्यासह २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ग्राफिनच्या, म्हणजे कार्बनच्या एक-अणू जाडीच्या, पत्र्यांमधले पाणी तपासले होते. कार्बन आणि पाणी यांच्यातील क्षीण आकर्षण हिशेबात धरले तेव्हा अरुंद फटीतही पाणी टिकले, आणि तेवढे आकर्षण काढून टाकताच फट कोरडी पडली. येथे डोंबिवलीच्या लोकलची उपमा सुचणे साहजिक असले तरी ती लागू पडत नाही, कारण रेणू दाटी झाली म्हणून बाहेर पडत नाहीत. आत बंध जोडायला सोबती कमी आणि बाहेर भरपूर, म्हणून ते ओढले जातात, आणि भिंतीची अल्पशी ओढ त्या तोट्याची भरपाई करते.

ही भरपाई किती नाजूक असते, ते गेऱ्हार्ड हुमर आणि सहकाऱ्यांच्या २००१ मधील सिम्युलेशनमध्ये दिसते. त्यांच्या सुमारे ०.८ नॅनोमीटर रुंद कार्बन नळीत पाण्याचे पाचेक रेणू एकामागे एक रांगेत उभे राहिले होते; कार्बनची ओढ मोलमागे अवघी ०.०५ किलोकॅलरीने कमी करताच तीच नळी कधी पूर्ण भरलेली तर कधी पूर्ण रिकामी दिसू लागली, अर्धवट भरलेली मात्र क्वचितच.