ब्लोअर बिघडला : घरी उघडावा की गॅरेजात न्यावा?

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला की आपण काय करतो? आधी प्लग नीट बसलाय का बघतो, मग खालचं लाल बटण दाबून पाहतो, आणि तरीही हूं की चूं झालं नाही तरच त्याला पिशवीत घालून दुकानात नेतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपलं असं होत नाही. जरा कुठे खुट्ट झालं की ‘गॅरेजात नेऊन टाका’ म्हणून आपण मोकळ्या! मीही त्यातलीच होते. पण २०२३ सालच्या जुलैत जे घडलं, त्यानंतर हे धोरण मी बदललं.

माझं सासर कऱ्हाडचं आणि माहेर चिपळूणचं. त्यामुळे कुंभार्ली घाट मला अंगणासारखा. त्या दिवशी ह्यांना रजा नव्हती, म्हणून गाडी मीच काढली. शेजारी सासूबाई, मागे दोन्ही मुलं. हेळवाक सोडलं, घाट उतरायला लागलो आणि पाऊस नुसता कोसळायला लागला. खिडक्या घट्ट बंद. ब्लोअर दोन नंबरवर होता, तो एकाएकी गप्प झाला. पाहता पाहता समोरच्या काचेवर वाफ धरली. बाहेर वायपर झपाझप फिरतोय, पण काच पांढरी झाली होती आतून! सासूबाई पदराने पुसताहेत, पुसलं की परत पांढरं. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे म्हणजे नुसते दोन पिवळे ठिपके. खिडकी उतरवून, बाहेर बघत बघत कशीबशी एका रुंद जागी गाडी उभी केली, तेव्हा हात थरथरत होते.

मागून मुलगा पुढे वाकला आणि त्याने ब्लोअरचं बटण सरळ चारवर फिरवलं. भस्सकन वारा आला! एक, दोन, तीनवर काही नाही. चारवर मात्र जोरात. त्या चारवरच आम्ही घाट उतरलो.

परत आल्यावर गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने बटण एकदा फिरवलं आणि म्हणाला, “अख्खा ब्लोअर आणि कूलिंग कॉइल बदलावी लागेल. साडेआठ हजार.” मी विचारलं, “मग चारवर कसा चालतो?” तर म्हणे, “ताई, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.” खरं सांगू? साडेआठ हजारांपेक्षा मला हेच जास्त लागलं. घाटात गाडी मी चालवत होते, साहेब नव्हेत!

चारवर चालतो, दोनवर का नाही?

मी बी. ए. झाले ती मराठी घेऊन. पण शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्यांनी मधल्या सुट्टीत चहा संपायच्या आत समजावलं. आपल्या लहानपणी पंख्याचा मोठा चौकोनी रेग्युलेटर असायचा, आठवतो? तो हाताला चांगला गरम लागायचा. पंखा हळू फिरवायचा म्हणजे वीज अडवायची, आणि अडवलेल्या विजेची उष्णता होते. साध्या बटणाच्या बऱ्याच गाड्यांमध्ये हेच काम एक छोटासा भाग करतो. त्याचं नाव रेझिस्टर. एक, दोन, तीनवर वीज त्याच्यातून जाते. सर्वांत वरच्या वेगाला त्याला वळसा घालून थेट मोटारीकडे जाते. म्हणजे रेझिस्टर जळला की खालचे वेग जातात आणि वरचा राहतो. मोटार बिचारी ठणठणीत असू शकते!

घरच्या घरी ओळखायच्या खुणा अशा :

कुठल्याच वेगावर वारा नसेल, तर आधी फ्यूज बघावा. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत त्याची जागा दाखवलेली असते. आतली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा. आमच्या गाडीत तो ३० अँपिअरचा, हिरवा आहे. त्याजागी जास्त अँपिअरचा किंवा नुसता तारेचा तुकडा कधीही घालू नये. फ्यूज जळतो तो वायरी जळू नयेत म्हणून. नवाही लगेच उडाला, तर पुढचं काम मेकॅनिकचं. फ्यूज शाबूत असेल, तर दोष रिले, बटण, वायर किंवा मोटार यांपैकी कशाचाही असू शकतो.

ब्लोअरचा आवाज भरपूर, पण वारा मात्र झुळकीसारखा, असं झालं तर आतली हवेची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर, धुळीने चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो आणि कप्पा उतरवला की हाताने निघतो.

फडफड ऐकू आली तर आत झाडाचं पान वा कागद गेलेला असतो. चिर्र चिर्र असा आवाज येत असेल तर मोटारीचं बेअरिंग झिजत चाललेलं असतं. हा शेवटचा आवाज लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, त्याचे पैसे मोजले.

माझी दुरुस्ती आणि माझी चूक

एका रविवारी जेवणं उरकल्यावर मी कामाला लागले. किल्ली काढून घेतली आणि गाडी तासभर तशीच ठेवली, कारण चालता ब्लोअर बंद केल्यावर रेझिस्टर चांगलाच तापलेला असतो. बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे वजा खुणेची, वायर ह्यांच्याकडून सोडवून घेतली. घड्याळ आणि रेडिओ परत लावावा लागला, पण ते चालतं. समोरचा कप्पा उतरवला. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढला आणि स्क्रू स्टीलच्या वाटीत ठेवले. कप्प्यामागे दोन स्क्रूंवर बसवलेला रेझिस्टर सापडला. बाहेर काढला तर काळा पडलेला. तोच हातात घेऊन स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेले, तसाच नवा आणला ६५० रुपयांना आणि बसवला. या सगळ्यात दोन तास गेले आणि प्लास्टिकची एक खिटी तुटली. बटण फिरवलं. एक, दोन, तीन, चार! सासूबाईंनी त्या दिवशी मुद्दाम शिरा केला.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सगळं बंद, चार सोडून!

या वेळी दुसऱ्या, वयस्कर मेकॅनिककडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, आधी आवाज येत होता का? फिल्टर कधी बदललाय?” मी गप्प. जुनी घेतलेली गाडी आमची. असा फिल्टर असतो हेच माहीत नव्हतं. कप्प्यामागे हात घालताना त्याचं झाकण मला दिसलं होतं, पण ते मी उघडलंच नव्हतं. त्यांनी फिल्टर बाहेर ओढला तेव्हा लाज वाटली, इतका तो मातकट नि पानांनी भरलेला. रेझिस्टर वाऱ्याच्या वाटेवर बसवतात तो गार राहावा म्हणून. वाराच अडला की तो तापणार. त्यात बेअरिंग झिजलेली मोटार जास्त वीज ओढत होती. मीटर लावून त्यांनी ते मला दाखवलं. म्हणजे मी जळलेला भाग बदलला, पण तो का जळला हे विचारलंच नाही. वरण करपलं म्हणून पातेलं बदलावं आणि गॅस तसाच मोठा ठेवावा, त्यातलाच प्रकार!

आता हिशेब बघा. दुसऱ्या खेपेला रेझिस्टर ६५०, फिल्टर ३५०, मोटार २,४०० आणि मजुरी ५००, असे ३,९०० रुपये झाले. माझे आधीचे ६५० धरून ४,५५०. साडेआठ हजार काही लागले नाहीत, आणि कूलिंग कॉइलला तर कुणी हातही लावला नाही. पण त्यातले ६५० माझ्या घाईचे, हेही कबूल करायला हवं. गाडीगाडीप्रमाणे आकडे बदलतील, तरी पावतीवर प्रत्येक भागाची किंमत वेगळी लिहून घ्यावी आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

इथे मात्र हात लावू नका

फिल्टर, फ्यूज आणि सहज हाताशी येणारा रेझिस्टर एवढं घरी जमण्यासारखं आहे. पण एसीचा गॅस दाबाखाली भरलेला असतो, तो घरचा उद्योग नव्हे. डॅशबोर्डात एअरबॅग असते. तिच्या वायरींचे जोड बहुधा पिवळे असतात, त्यांना स्पर्शही करू नये. वायर वितळलेली दिसली, जळका वास आला किंवा सगळा डॅशबोर्ड उतरवायची वेळ आली, तर तिथेच थांबावं. आपोआप तापमान राखणाऱ्या गाड्यांत साध्या रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक भाग असतो, तोही जाणत्याकडेच द्यावा. आणि गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर काहीही उघडण्याआधी कंपनीच्या केंद्रात विचारावं.

ऐन घाटात ब्लोअर थांबला तर? घाबरू नका. आधी सर्वांत वरचा वेग लावून बघा. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. पुढच्या खिडक्या चार बोटं उघडा, मग थोडं भिजलं तरी चालेल. दिवे लावून वेग कमी करा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा. पावसाळ्याच्या तोंडी भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब ओल्या फडक्यावर घेऊन काच आतून पुसावी आणि कोरड्या कापडाने लख्ख करावी. वाफ कमी धरते.

आता तुम्ही विचाराल, शेवटी गेलीसच ना मेकॅनिककडे? मग घरी उघडून काय मिळवलंस? अहो, पहिल्या गॅरेजात मला ‘साहेबांना पाठवा’ ऐकावं लागलं होतं. दुसऱ्या ठिकाणी मी जळका रेझिस्टर त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, “हा तीन आठवड्यांत जळलाय, का ते बघा.” त्यांनी साहेबांची चौकशी केली नाही. स्टूल पुढे सरकवलं आणि मीटर माझ्यासमोर धरला.

यंदाही पावसाळ्याआधी फिल्टर मीच बदलला. त्याला दहा मिनिटं लागली. आणि घाटात आता सासूबाईंचा पदर कोरडा राहतो!