प्रधान कोण, गौण कोण? : इंग्रजीतील मिश्र वाक्याची उकल

इंग्रजी बऱ्यापैकी वाचणारी माणसेही एका ठिकाणी हमखास अडतात. शब्द सगळे ओळखीचे असतात, कोश उघडण्याची गरज नसते, आणि तरीही वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात हातातून निसटलेली असते. विम्याचा करार, बँकेचे कर्जपत्र, गृहनिर्माण संस्थेला आलेली नोटीस, न्यायालयाचा निकाल, असले कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा विचारतात, "या शब्दाचा अर्थ काय हो?" अडचण बहुधा शब्दात नसतेच. ती वाक्याच्या बांधणीत असते.

शाळेत आपण वाक्याचे तीन प्रकार शिकलो : केवल, संयुक्त आणि मिश्र. ही त्रिविध विभागणी वाटते तितकी जुनी नाही. लिंडली मरे याचे १७९५ सालचे इंग्रजी व्याकरण अनेक पिढ्यांनी अभ्यासले. त्यात वाक्याचे दोनच प्रकार आहेत, साधे आणि संयुक्त. आज ज्याला आपण मिश्र म्हणतो तेही तिथे संयुक्ताच्याच पोटात येते. पुढे कार्ल फर्डिनांड बेकर या जर्मन व्याकरणकाराची वाक्यपृथक्करणाची पद्धत जे. डी. मोरेल यांनी १८५२ च्या पुस्तकातून इंग्लंडच्या शाळांत आणली, आणि प्रधान व गौण वाक्यांचा भेद वर्गावर्गांत घोटला जाऊ लागला. मराठीत दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. या पाऊणशे वर्षांत मराठी व्याकरणविचार संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही आरशांत स्वतःला पाहत होता. नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य ही आपली नावे त्याच काळातल्या घडणीची खूण बाळगून आहेत.

आता मूळ मुद्दा. वाक्य लांब आहे म्हणून ते मिश्र असते, ही समजूत आधी सोडून द्यावी. आपल्या संविधानाची उद्देशिका पाहा. इंग्रजीत ते एकच लांबच लांब वाक्य आहे. पण कर्ता एक, 'वी, द पीपल ऑफ इंडिया', आणि त्याच्याशी जोडलेली तीन क्रियापदे शेवटी ओळीने येतात. मधला सारा विस्तार धातुसाधितांचा आणि नामांचा. स्वतःचा कर्ता आणि काळ घेऊन उभे राहणारे गौण वाक्य त्यात एकही नाही. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने ते केवल वाक्य! उलट 'आय नो हू केम' हे चार शब्दांचे वाक्य मिश्र आहे, कारण 'नो' आणि 'केम' अशी दोन पूर्ण क्रियापदे त्यात आहेत आणि दुसरे पहिल्याचे कर्म होऊन बसले आहे. तेव्हा शब्द मोजू नयेत, काळ दाखवणारी क्रियापदे मोजावीत.

निदान दोन प्रधान वाक्ये आणि त्यांपैकी कोणाच्या तरी आधाराने राहणारे एक तरी गौण वाक्य, असा मेळ जमला की इंग्रजीतला चौथा प्रकार तयार होतो. त्याला आपण संयुक्त-मिश्र म्हणू.

मराठी माणसाला हे प्रकरण जड का जाते? एक कारण असे की आपली भाषा गौण वाक्य शक्यतो टाळते. 'येताना दूध आण' हे आपले केवल वाक्य. इंग्रजीत तेच 'ब्रिंग मिल्क व्हेन यू कम' असे मिश्र होते. 'आल्यावर', 'आल्यामुळे', 'आला असता', 'आलेला' अशी धातुसाधिते आपल्याकडे मुबलक. त्यांच्या जोरावर मराठी एकाच क्रियापदात काम भागवते. इंग्रजीतही अशी सोय आहे, पण तिथे पुष्कळदा नवे क्रियापद आणि नवा जोडशब्द लागतो.

दुसरे कारण जोडीचे. मराठी मिश्र वाक्य जोडीने चालते : जो–तो, जेव्हा–तेव्हा, जर–तर, जरी–तरी. इंग्रजीत जोडीतला एकच शब्द येतो. म्हणून 'ऑलदो' लिहिल्यावर आपला हात आपोआप 'बट' लिहितो. 'जरी'ला 'तरी' हवाच ना! तसेच 'तो येईपर्यंत थांब' याऐवजी मनात 'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब' असे आले की इंग्रजीत 'अनटिल ही डझ नॉट कम' उतरते. 'अनटिल' आणि 'अनलेस' यांच्या पोटात नकार आधीच दडलेला आहे. वर आणखी 'नॉट' घातला तर अर्थ उलटतो.

तिसरे कारण क्रमाचे. मराठीत अट बहुधा आधी येते आणि फळ नंतर. इंग्रजीत फळ आधी सांगून अट शेवटी जोडता येते, आणि घाईत वाचणारा फळावरच थांबतो. गंमत म्हणजे कायद्याच्या इंग्रजीला आपल्यासारखाच क्रम सुचवणारा एक माणूस होऊन गेला. जॉर्ज कूड याने १८४० च्या दशकात कायदेलेखनावर निबंध लिहिला. प्रसंग आधी, मग अट, मग ज्याला नियम लागू तो कर्ता आणि शेवटी त्याने काय करावे, अशी मांडणी त्याने सांगितली. 'प्रोव्हायडेड दॅट'च्या बेसुमार वापरावरही त्याने टीका केली. आपल्या मराठी अधिनियमांत या जोडशब्दासाठी 'परंतु' येतो. इंग्रजीत तो गौणत्वसूचक, तर मराठीत 'परंतु' प्रधानत्वसूचक. त्यामुळे इंग्रजीतली शेपटी मराठीत स्वतंत्र वाक्य होते आणि वाचायला सोपी जाते.

मॅकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत बरीच कलमे 'हूएव्हर'ने सुरू होतात. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती धाटणी टिकून आहे. 'जो कोणी अमुक करील, त्याला तमुक शिक्षा' ही आपली जो–तो जोडीच. इथे मराठी वाचकाला इंग्रजी परके वाटण्याचे कारण नाही.

आता स्वल्पविराम. पुनर्विकासाच्या पत्रात असे वाक्य आले समजा : 'द टेनंट्स हू हॅव पेड द डिपॉझिट विल गेट न्यू फ्लॅट्स.' ज्या भाडेकरूंनी अनामत भरली आहे त्यांनाच घरे मिळतील, असा याचा अर्थ. 'टेनंट्स'नंतर आणि 'डिपॉझिट'नंतर स्वल्पविराम द्या. आता सर्वच भाडेकरूंना घरे मिळतील, आणि त्या सर्वांनी अनामत भरलेली आहे, असा अर्थ होतो. दोन ठिपक्यांएवढ्या खुणांनी कोणाचे तरी घर आत किंवा बाहेर जाते.

संयुक्त-मिश्र वाक्यात प्रश्न आणखी बिकट होतो. विम्याच्या कागदात शोभेल असे एक वाक्य मीच रचतो : 'द कंपनी शॅल पे द क्लेम इफ नोटीस इज गिव्हन इन थर्टी डेज, अँड इट शॅल बेअर द कॉस्ट ऑफ सर्व्हे, अनलेस अ फॅक्ट हॅज बीन कन्सील्ड.' प्रधान वाक्ये दोन : दावा देणे आणि पाहणीचा खर्च सोसणे. गौणही दोन. 'इफ'चा मालक उघड आहे, पहिले प्रधान वाक्य. पण शेवटचे 'अनलेस' कोणाचे? माहिती लपवली तर फक्त पाहणीचा खर्च बुडणार, की दावाही? वाक्य दोन्ही अर्थ देते. विमा करारातली अशी संदिग्धता करार लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावी, असे तत्त्व न्यायालये मानतात. पण तिथवर जायला वेळ, पैसा आणि धीर लागतो. सही करण्यापूर्वी विचारलेला प्रश्न स्वस्त पडतो.

त्यासाठी पेन्सिल घेऊन बसावे. काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी. प्रत्येकाचा कर्ता शोधावा. 'इफ', 'अनलेस', 'दॅट', 'हू', 'व्हेअर' यांसारख्या शब्दांभोवती गोल करावा. तो शब्द ज्या क्रियापदाला ओढून आणतो ते गौण. बिनगोलाची राहिली ती प्रधान. मग प्रत्येक गौण वाक्याला एकच प्रश्न विचारावा : तू कोणाचे? उत्तर एकच मिळाले तर वाक्य समजले. दोन मिळाली, तर दोष वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. आणि ते वाक्य पुन्हा, स्पष्ट लिहून मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.