तेंदूपान वाळते उन्हात, तोटा कोणाच्या माथी?

सिगार जपणारे शौकीन खास लाकडी पेटीत आर्द्रता सुमारे ७० टक्के राखतात. पान फार सुकले तर चुरा होतो, ओले राहिले तर बुरशी धरते. चंद्रपूर-गडचिरोलीतील आपले तेंदू मजूर हाच तोल मे महिन्यात उघड्या फळीवर सांभाळतात. पण त्याला कुणी कौशल्य म्हणत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी झाली की साधारण दीड महिन्यात कोवळे पान येते. ७० पानांचे एक पुडके, १००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पाने. पुडकी फळीवर ओळीने मांडून वाळवतात, मधे उलटतात. पूर्ण वाळल्यावर पाणी शिंपडून पान मऊ करतात. तेव्हाच ते न तुटता पोत्यात ठासून भरता येते. भरलेल्या पोत्यांना पुन्हा ऊन देऊन ती कोरड्या गोदामात नेतात. मधेच अवकाळी पाऊस आला, तर पानावर डाग पडतात आणि भाव उतरतो.

हा तोटा कोणी सोसायचा? २००६ च्या वनहक्क कायद्यात तेंदू गौण वनोपज आहे. सामूहिक हक्क मिळालेली ग्रामसभा तो स्वतः विकू शकते. म्हणून करारातच लिहून घ्या : फळीवर मोजून घेतलेले पान कंत्राटदाराचे, भिजले तरी मजुरी कापायची नाही. नोंदवही ग्रामसभेकडे ठेवा आणि पान तोडणाऱ्या बाईच्याच नावे नोंद करा. कायद्याने मालकी दिली आहे. ती करारात उतरली नाही, तर पावसाचा तोटा पुन्हा मजुराच्याच माथी बसेल.