तिबोट्या आला रे!

जूनचा पहिला दणदणीत पाऊस पडला की तुमच्या इन्स्टावर हा पक्षी हमखास उगवतो. लालभडक चोच, पिवळंधम्मक पोट, डोक्यावर जांभळी झाक, पाठीला निळाई. एडिट केलाय असं वाटतं ना? नाही हो, तो असाच असतो! तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हापक्षी. बहुतेक खंड्यांना चार बोटं, याला तीनच. आकाराने चिमणीपेक्षाही लहान.

खंड्या म्हणजे मासे, हे डोक्यातून काढा. हा दाट जंगलातल्या ओढ्याकाठचा गडी. कोळी, बेडूक, खेकडे चालतात, सापसुरळी तर फारच आवडते. जवळपास स्वतःएवढी लांब सापसुरळी फांदीवर आपटआपट आपटायची आणि पिल्लांकडे न्यायची.

ती पिल्लं असतात मातीच्या दरडीत. पावसाने माती मऊ झाली की नर-मादी दोघं मिळून बीळ खणतात, कधीकधी मीटरभर लांब. दरड ओढ्याचीच हवी असं नाही, रस्त्याकडेचीही चालते.

गोची इथेच होते. लोकेशन ग्रुपवर फिरतं आणि बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते. सापसुरळी चोचीत धरून आईबाप फांदीवर ताटकळतात, गर्दी हटेपर्यंत आत शिरत नाहीत. आत पिल्लं उपाशी. तुमचा फोटो भारी येतो, पण कुणाच्या जिवावर?

कर्नाळ्याला जाल तेव्हा फ्लॅश नको, लोकेशन टॅग नको. बीळ दिसलं तर सरळ मागे फिरा. ओढ्यापासून लांब, गप्प उभे राहा. बारीक शिट्टी ऐकू येईल, पाठोपाठ पाण्यावरून एक रंगीत रेघ सुटेल. मोबाइल काढेपर्यंत गेलेली असेल.