सहा तासांची मुदत

प्रसूतीच्या समयी नाळ दाबली गेली, वार अकाली सुटली किंवा गर्भाशय फाटले आणि अर्भकाच्या मेंदूचा प्राणवायू तुटला, की व्हायची ती हानी तत्क्षणी होऊन जाते, असे वैद्यकातही पुष्कळ काळ मानले जाई. परंतु मेंदूचा कारभार इतका सरळ नाही. रक्ताभिसरण पूर्ववत होताच पेशींचा ऊर्जासाठा काही तास सावरतो, आणि मग ग्लुटामेटचा अतिरेक, पेशींत शिरलेले कॅल्शियम व दाह यांच्या संगनमताने दुसरी, पुष्कळदा अधिक घातक, पडझड सुरू होते. या दोन आघातांमधील अवकाश हीच वैद्याच्या हाती असलेली मुदत.

ती साधण्याचा उपाय मात्र रूढ शहाणपणाच्या अगदी विरुद्ध आहे. नवजाताला ऊब द्यावी, हा सुइणीचा नियम, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत तो किती यथार्थ आहे हे अमेरिकेत सिल्व्हरमन यांनी १९५८ साली सप्रमाण दाखवलेही. तथापि पूर्ण दिवसांच्या, पण गुदमरलेल्या बाळाचे शरीर सहा तासांच्या आत ३३.५ अंश सेल्सियसपर्यंत निववावे, ७२ तास तसेच राखावे आणि नंतर तासाला अर्ध्या अंशाच्या संथ गतीने तापवावे, ही तजवीज, ऑकलंडमधील गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या गर्भांवर केलेल्या प्रयोगांसारख्या संशोधनातून आकारास येऊन, २००५ च्या मानवी चाचण्यांनंतर संपन्न देशांत मुक्रर झाली. तेथे सुमारे सात बाळांना हा उपचार दिला असता एक बाळ मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वातून वाचते.

हाच उपाय आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती, पण ती फोल ठरली. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात रुग्णालयांत, ज्यांत मुंबईतील शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालयही होते, ४०८ बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: निववलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, तर न निववलेल्यांपैकी ३१ टक्के. येथील पुष्कळ बाळांची इजा प्रसूतीच्या बऱ्याच आधी सुरू झालेली असावी, म्हणजे घड्याळ लावण्यापूर्वीच मुदत सरलेली असावी, असे एक अनुमान आहे, आणि मला ते पटते. निववण्याला एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाची जोड देण्यावरही मोठी भिस्त होती, पण २०२२ च्या अमेरिकी चाचणीने तीही निकालात काढली.

तेव्हा आपल्या जिल्हा रुग्णालयांत आज खरा भरवसा ठेवावा तो कळांच्या काळात गर्भाचे ठोके नेमाने ऐकणाऱ्या परिचारिकेवर, आणि बाळ न रडल्यास पहिल्याच मिनिटात बॅग-मास्कने साधी हवा फुप्फुसांत पोहोचवणाऱ्या तिच्या सरावावर. २००९ पासून चाललेला नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम तिला हेच शिकवतो.