करदोड्याखालचा डाग

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या काकांना ताप भरला. उमरखेडजवळ आमचं शेत, सोयाबीन नुकतंच निघालं होतं. एका दवाखान्यात टायफॉइड सांगितला. सलाईन, इंजेक्शनं, पाच दिवस गेले. ताप हटेना. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने रिपोर्टची फाइल बाजूला ठेवून आधी विचारलं, ‘काका, ताप यायच्या आधी कोणतं काम करत होता?’

‘धुऱ्यावरचं गवत कापत होतो ना बापा.’

डॉक्टरने शर्ट काढायला लावला, बगला पाहिल्या, करदोडा वर सरकवला. खाली सिगारेटचा चटका बसावा तसा काळा डाग. दुखत नव्हता, म्हणून काकांनाही माहीत नव्हता.

तो होता स्क्रब टायफस. गवत-झुडपांत माइट नावाचा बारीक जीव असतो. त्याची अळी चावली की जंतू अंगात शिरतात आणि साधारण 6 ते 21 दिवसांत ताप येतो. हे जंतू पेशींच्या आत राहतात, त्यामुळे टायफॉइडची नेहमीची इंजेक्शनं इथे चालत नाहीत. डॉक्सीसायक्लिन ही स्वस्तातली गोळी मात्र चालते. वेळेत सुरू झाली तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, किडनी, मेंदूपर्यंत प्रकरण जातं. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात या तापाने माणसं दगावली होती.

काका बरे झाले. पण असा प्रश्न विचारायला डॉक्टर शिकतात कुठे, हे माझ्या डोक्यात राहिलं. यंदा एमबीबीएसला असलेली माझी शाळेतली मैत्रीण ‘इलेक्टिव्ह’ निवडत होती, तेव्हा थोडं उत्तर मिळालं.

2019 च्या बॅचपासून एमबीबीएसमध्ये इलेक्टिव्ह आलं. तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग संपला की आपल्या आवडीचा विषय घेऊन शिकायचं. आधी हे दोन महिने होते. 2023 च्या नियमांत एक महिना झाला, 15-15 दिवसांचे दोन टप्पे. हजेरी लागते, लॉगबुक लिहावं लागतं. बरेच जण हा काळ ‘पीजीच्या अभ्यासाला सुट्टी’ समजतात. मैत्रिणीने संसर्गजन्य आजार निवडले. मित्र म्हणाले, ‘काय बे, तापाच्या वॉर्डात काय ठेवलंय?’

खूप काही ठेवलंय. इलेक्टिव्ह पावसाळ्यातच येईल असं नाही, पण टीबी, एचआयव्ही, कुष्ठरोग बारा महिने असतात. पेशंटजवळ बसायचं, तो कुठे राहतो, पाणी कुठलं पितो, घरात कुणाला ताप आहे का, हे विचारायचं. डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं. स्क्रबचा डाग सगळ्यांना दिसतोच असं नाही. तेव्हा हे प्रश्नच संशय जागा करतात, आणि आयजीएम एलायझासारखी तपासणी सुचते.

पैनगंगेकाठच्या आमच्या तालुक्यात कापूस, सोयाबीन, हळद म्हणजे वर्षभर मातीत आणि गवतात हात. इथल्या तापाला शेताचा पत्ता असतो.

तर मेडिकोज, इलेक्टिव्हची यादी लागली की ही ओळही वाचा. आणि बाकीच्यांनो, शेतातून आल्यावर साबणाने अंघोळ करा, कपडे बदला. ताप आलाच, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. कुठे काम केलं, ते आपणहून सांगा.