अर्ध्या मिलिमीटरची मान

ऑगस्ट १८७९मध्ये ‘रेवन्सक्रॅग’ हे जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून होनोलुलू बंदराला लागले. हवाईच्या उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या मजुरांत मॅन्युएल नुनेस, आगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारही होते. पुढे तिघांनी होनोलुलूत वाद्ये घडवायला घेतली. मदेरातले चार तारांचे चिमुकले वाद्य तिथल्या कोआ लाकडात उतरले, राजा कालाकाउआच्या दरबारात रमले आणि १९१५च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिकाभर पोचले. ते वाद्य म्हणजे उकुलेले.

लोक भाळतात ते कोआच्या रेषांवर. पण वाद्य हातात बसेल की नाही, हे ठरते मानेवर, आणि ती मान बहुधा साध्या महोगनीची असते. खुंट्यांची पाटी मागे कललेली असेल, तर अखंड फळीतून ती कापणे धोक्याचे. कलत्या भागात लाकडाचे रेषे आखूड पडतात आणि धक्क्यासरशी पाटी मोडते. म्हणून फळी तिरकी कापतात आणि तुकडा उलटून चिकटवतात.

मग पाठीचा गोलवा. कसबी हात एकदम गोल करायला जात नाही. आधी चौकोनी मानेचे दोन्ही कोपरे आखलेल्या रेषेपर्यंत तिरपे छाटायचे, मग उरलेल्या कडा पुन्हा. दोन्हीकडे मुठी असलेल्या छोट्या रंध्याने पापुद्रे निघतात. मान पेटीला भिडते त्या जाड टोकाच्या, म्हणजे टाचेच्या, वळणावर रेषे उलटतात, तिथे रंधा ढलपी उपटतो; तेवढ्यापुरती पटाशी आणि कानस घ्यावी लागते. शेवटी पोलादी पत्र्याने खरवडून हात फिरवायचा.

खरी कसोटी मान पेटीला बसवताना. सोप्रानो उकुलेलेची तार सुमारे ३४६ मिलिमीटर लांब आणि बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, बहुधा मान-पेटीच्या सांध्यापाशीच. तिथून घोडी १७३ मिलिमीटरवर. टाच ४० मिलिमीटर उंच धरू. तिच्या पेटीकडच्या तोंडावर, तळाशी अर्धा मिलिमीटर लाकूड जास्त गेले, तर मान मागे कलते आणि पडद्यांची रेषा घोडीपाशी दोन मिलिमीटरहून अधिक वर चढते. बाराव्या पडद्यावरची तार मिलिमीटरभर खाली येते. तिथे तारेखाली मोकळी जागाच जेमतेम अडीच मिलिमीटर. तार पडद्यांवर खडखडू लागते. उलट चूक झाली, तर तार उंच राहते, बोट दुखते आणि दाबताना सूर चढतो.

म्हणून पेटीला खडू लावून टाच दाबतात. जिथे पांढरे उमटते, तेवढेच लाकूड पटाशीने तासायचे आणि पुन्हा दाबायचे. मधली रेषा घोडीच्या मध्याशी जुळते का, हे दर खेपेला दोऱ्याने बघायचे. हे काम यंत्रावरून उतरलेल्या मानेलाही चुकत नाही, कारण हाताने वाकवलेल्या दोन पेट्यांच्या कडा क्वचितच तंतोतंत सारख्या असतात.

एवढे करूनही वर्षानुवर्षांच्या ताणाने कोन सरकतोच. सांधा जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेला असेल, तर उष्णता आणि ओलावा देऊन सोडवता येतो. टाच पुन्हा तासून मान बसवता येते. न सुटणाऱ्या गोंदाने आजचे काम लवकर उरकते, दुरुस्ती करणाऱ्याला मात्र करवत काढावी लागते.